रविवर्मा छापचित्रांचा पिवळेपणा

फ्रेममागची लाकडी फळी काढली, की चित्राच्या पाठीवर तिच्या गाठींचे तपकिरी डाग दिसतात. लाकडातलं आम्ल कागदात उतरलेलं असतं. त्यातच हा कागद बनवताना तुरटी आणि राळ घातलेली, म्हणजे आम्ल आतूनही.

1894 साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची ही छापचित्रं. त्यांची शाई तेलाची, पाण्याला सहसा दाद देत नाही. कागदातला पिवळेपणा मात्र बराचसा पाण्यात उतरतो. तरी सरसकट धुवायला घेऊ नका. जरी-टिकल्या चिकटवलेलं चित्र धुवायचंच नाही. वार्निश पिवळं पडलं असेल, तर तो पिवळेपणा पाण्याने जात नाही. ते काम जाणकाराचं.

आधी मऊ ब्रशने धूळ. मग प्रत्येक रंगावर पाण्याचा एक थेंब, मिनिटभराने वर टिपकागद. टिपकागदाला रंग लागला, तर इथेच थांबा. हातानं लिहिलेलं नाव, शिक्के विसरू नका. चित्र टिकतं आणि सही वाहून जाते.

चित्र पॉलिएस्टरच्या दोन जाळ्यांमध्ये ठेवून पाठीवर निम्मं अल्कोहोल, निम्मं पाणी असा फवारा. कोरडा कागद थेट बुडवला, तर तो कुठे भिजतो, कुठे नाही, आणि सीमेवर डागाची रेघ उमटते. वार्निश असेल तर हा फवारा नको. अल्कोहोलने ते विरघळू शकतं.

ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर. त्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी थेंबाथेंबाने, पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे पीएच 8 होईपर्यंत. पानाचा चुना चालत नाही. चित्र जाळ्यांसकट त्यात ठेवलं, की वीस मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ते बदलायचं, नितळ राहीपर्यंत. उचलताना जाळीसकटच, ओला कागद कोपऱ्याला धरला की फाटलाच.

ब्लीचने कागद झटपट पांढरा होतो, म्हणून मोह पडतो. पण क्लोरीन तंतूंत उरतं, कागद ठिसूळ होतो, पिवळेपणा परततो. कडा मलईच्या रंगाच्या राहिल्या तर राहू द्या.

वाळवायला टिपकागदांच्या मधोमध, वर हलकं वजन. काही चित्रांवर कॅनव्हासचा पोत उठवलेला असतो, जड वजनाने तो सपाट होतो. टिपकागद पंधरा मिनिटांनी बदला, मग तासाने, मग रोज.

फ्रेममध्ये परत घालताना मागे आम्लविरहित सुती बोर्ड घाला. जुनी फळी नको.