रतिबाच्या रेघा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'रनिंग बॅकवरचा भार आणि दुखापती'. रनिंग बॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणारा गडी. त्याकडे येतेच, पण आधी सिडनीला जाऊन येऊ.

४ जानेवारी २०२५, शनिवारची संध्याकाळ. इथे न्यू जर्सीत आम्ही घरचे सगळे टीव्हीसमोर, तिकडे सिडनीत रविवारची सकाळ. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव सुरू झाला आणि बुमरा मैदानात नाही. त्या मालिकेत त्याने दीडशेच्या वर षटकं टाकली होती, ३२ बळी घेतले होते. आदल्या दिवशी पाठ धरली आणि ऐन वेळी आपला हुकमी माणूस आत बसून राहिला. सामना गेला, मालिका गेली. पुढे चॅम्पियन्स करंडकही त्याच्याविना खेळावा लागला. तुमच्यापैकी किती जण त्या रात्री जेवले नव्हते, मला माहीत आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी फिलाडेल्फियात ईगल्सचा साखळीतला शेवटचा सामना, समोर न्यू यॉर्क जायंट्स. ईगल्सचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली याच्या नावावर त्या हंगामात धावून काढलेले २,००५ यार्ड होते. एका हंगामातला विक्रम २,१०५ चा, एरिक डिकर्सनचा, १९८४ सालचा. मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि समोर त्याचीच जुनी टीम, जिने त्याला आदल्या मार्चमध्ये जाऊ दिलं होतं. कुणाला मोह आवरेल? पण प्लेऑफमधली, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीतली, जागा पक्की झाली होती, या सामन्याने काही बदलणार नव्हतं. बार्कली खणखणीत बरा होता आणि तरी त्याला बसवला.

चोवीस तासांच्या आत दोन मोठे खेळाडू बाहेर बसलेले मी पाहिले. एकाला शरीराने बसवलं, दुसऱ्याला संघाने. मला आज जे सांगायचंय ते सगळं या फरकात आहे. दुखावल्यावर देतो तो उपचार. विश्रांती म्हणायची ती धडधाकट असताना दिलेली.

हे मला का एवढं लागतं, ते सांगते. माझा धाकटा हायस्कूलमध्ये रनिंग बॅक होता. मला या खेळातलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. नुसतं बसवत नाही म्हणून मी एक वही घेऊन जायला लागले. आईकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाच्या रेघा असायच्या, तशा मी रेघा मारायचे. पोरगा जमिनीवर आपटला की एक रेघ. चेंडू हातात असो वा नसो. माझा हिशेब सरळ होता, आपटला की आपटला.

ऑक्टोबरमधली एक शुक्रवारची रात्र. सामना संपला तेव्हा वहीत ४१ रेघा. घरी येऊन तो बाथरूमच्या कट्ट्यावर बसला आणि मांडीची पट्टी सोडवायला लागला. पट्टी चामडीला इतकी घट्ट चिकटलेली की मी कोमट पाण्यात फडकं भिजवून बोटाबोटाने सुटी केली. मांडीच्या मागे तळहाताएवढा जांभळा डाग. म्हटलं, दुखतंय का? म्हणाला, "आई, सगळ्यांनाच दुखतं." दुखणं अंगावर काढायची सवय आपण घराघरात लावतो. इथे तर तिला शौर्य म्हणतात.

सोमवारी मी वही घेऊन कोचला भेटले. त्यांच्या कागदावर २४ कॅरी होत्या, म्हणजे चेंडू घेऊन तो २४ वेळा धावला. "२४ काही फार नाहीत," ते म्हणाले. मी म्हटलं, चार झेल घेतले तेव्हाही तो पाडला गेलाच ना? आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, वाचवायला तो तेरा वेळा धिप्पाड पोरांच्या अंगावर गेला, ते कुठे लिहिलंय? ते हसले. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या कागदावर तो रकानाच नव्हता. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या मैदानात, जवळ कुणी नसताना, पोरगा एकदम थांबला आणि मांडी धरून खाली बसला. हंगाम संपलाच, वसंतातली धावण्याची स्पर्धाही गेली. त्या शेवटच्या पडण्याची रेघ मी मारली नाही.

सचिव घड्याळ दाखवताहेत. दहाच मिनिटं? मग पटापट सांगते.

वर्षाला ३७० कॅरी झाल्या की पुढचं वर्ष वाईट, असं इथे बरीच वर्षं बोललं जातं. टेरेल डेव्हिस या रनिंग बॅकने १९९८ मध्ये ३९२ कॅरी केल्या, प्लेऑफच्या ७८ धरून ४७०. पुढच्या हंगामात चौथ्याच सामन्यात गुडघा गेला. पण तो गेला टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला पाडायला, धावताना, म्हणून सगळं खापर आकड्यावर फोडणं मला पटत नाही. दुसरा रनिंग बॅक डेरिक हेन्री, त्याचं बघा. २०२० मध्ये ३७८, पुढच्या वर्षी पाय मोडला, आणि २०२४ मध्ये तिशीत १,९२१ यार्ड! शरीर शरीर वेगळं असतं.

माझा आग्रह मोजायचं काय, याबद्दल आहे. क्रिश्चन मॅकॅफ्री हाही रनिंग बॅक, त्याच्या २०१९ मध्ये २८७ कॅरी, म्हणजे कागदावर बेताच्या. पण ११६ झेल मिळवा, ४०३ झाले. पुढच्या दोन हंगामांत ३३ पैकी तो १० सामने खेळला. झेल धरा, ब्लॉक म्हणजे समोरच्याला अंगावर जाऊन अडवणं धरा, सरावातली धडक धरा, प्लेऑफ धरा. आणि आठवड्याचा आकडा मागच्या तीन-चार आठवड्यांशेजारी ठेवून बघा. एकदम उडी दिसली की हात आखडता घ्या.

दुसरं, जोडीदार हवा. डेट्रॉइटच्या संघाने २०२४ मध्ये गिब्ज आणि मॉन्टगोमरी या दोन रनिंग बॅकमध्ये काम वाटलं. डिसेंबरात मॉन्टगोमरीचा गुडघा दुखावला, पण गिब्ज ताजा होता. बार्कली बसला त्याच रविवारी रात्री गिब्जने चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला.

आणि बार्कली? विक्रम राहिला. पण प्लेऑफमध्ये बर्फ पडत असताना रॅम्सविरुद्ध त्याने २०५ यार्ड काढले. ९ फेब्रुवारीला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सने सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकला. सगळं धरून ४३६ कॅरी, म्हणजे भार कमी नव्हताच. एक रविवार वाचवला, तो नेमका गरज नसलेला.

वेळ संपली. वही मी आणली आहे, चहाच्या टेबलावर ठेवते. ज्यांची मुलं शाळेत खेळतात, त्यांनी जरूर येऊन बघा. रकाने कसे आखायचे, ते दाखवते.