मसाकाच्या शाळांकडे: आठ जणांची मिशन ट्रिप

(दृश्य: कंपाला–मसाका रस्ता. कायाब्वेजवळची विषुववृत्ताची खूण. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा.)

युगांडाची राजधानी कंपालाहून नैर्ऋत्येला निघालं की साधारण पाऊणशे किलोमीटरवर कायाब्वे लागतं. इथं रस्ता विषुववृत्त ओलांडतो. त्याच रस्त्याने पुढे गेलं की मसाका. परदेशातल्या चर्चच्या मंडळ्यांचे छोटे गट दरवर्षी या वाटेने येतात. सहा-आठ माणसं, भाड्याची एक टोयोटा हायएस आणि मागच्या सीटवर रचलेल्या बॅगा. मागे राहिलेल्या मंडळीतली कुटुंबं शैक्षणिक पालक म्हणून दरमहा पैसे पाठवतात आणि इथली काही मुलं त्यावर शाळेत जातात.

आठवडाभरात अशा गटाने काय करावं? भिंती बांधू नयेत. गवंडी मसाकात आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे. औषधं तर मुळीच देऊ नयेत. युगांडातल्याच जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका परदेशी मिशनरीने कुपोषित मुलांवर उपचार केल्याचा आरोप झाला आणि २०१९ मध्ये ते प्रकरण न्यायालयात गेलं. गटाचं खरं काम याहून साधं आहे. पैसा ज्या मुलासाठी निघाला त्याच मुलाच्या नावावर, सत्र सुरू व्हायच्या आत जमा होतो का, हे पाहायचं. आणि वर्षभर हे काम सांभाळणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याला हातभार लावायचा.

(दृश्य: व्हिक्टोरिया सरोवराचा काठ. मासेमारीच्या होड्या.)

हाच भाग का, याचं उत्तर सरोवराच्या काठावर आहे. १९८२ मध्ये तेव्हाच्या राकाई जिल्ह्यातल्या कासेन्सेरो या कोळ्यांच्या गावात युगांडातले एड्सचे पहिले रुग्ण आढळले. पुढच्या वर्षांत घरंच्या घरं रिकामी झाली आणि नातवंडं आजीच्या पदरात आली. चर्चनी या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला तो तेव्हापासून. तसं शाळा आणि मिशन हे नातं इथं जुनंच आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी १८७७ मध्ये बुगांडा या इथल्या जुन्या राज्याच्या राजदरबारी पोहोचले. गयाझाची मुलींची शाळा १९०५ ची, बुडोचं किंग्ज कॉलेज १९०६ चं.

सरकारने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं. तरीही गणवेश, वह्या, दुपारचं जेवण, परीक्षेचा खर्च घरावरच पडतो आणि खासगी शाळेत तर पूर्ण फी. सत्र संपताना मुलाच्या हातात प्रगतिपुस्तकासोबत एक परिपत्रक येतं. पुढच्या सत्राची फी, शाळा उघडण्याची तारीख आणि आणायच्या वस्तूंची यादी त्यावर असते. कागदाचं रीम, झाडू, टॉयलेट पेपर. निवासी शाळा असेल तर पत्र्याची ट्रंक, गादी, कुलूप, बादली, मच्छरदाणीसुद्धा. फी भरली पण यादीतली वस्तू राहिली, तरी मूल फाटकावरून परत पाठवलं जाऊ शकतं. म्हणून शैक्षणिक पालकाला फीचा आकडा कळवताना ही यादीही त्यात धरायची.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ते. शैक्षणिक पालक बारा महिने बारा हप्ते देतात. शाळा मात्र वर्षात तीनदा पैसे मागते, आणि तेही एकरकमी: फेब्रुवारीत, मेच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये. त्यात फेब्रुवारीचा खर्च सर्वांत मोठा, कारण नवा वर्ग, नवा गणवेश, नव्या वह्या. फक्त जानेवारीचा हप्ता हाताशी असेल तर फेब्रुवारीची फी भरताच येत नाही. मूल दोन आठवडे घरी बसतं आणि कार्यकर्ता मुख्याध्यापकांपुढे हात जोडत राहतो. यावर उपाय एकच: एका पूर्ण सत्राची रक्कम राखीव ठेवल्याशिवाय नवं मूल योजनेत घ्यायचंच नाही. एखादं कुटुंब मधेच थांबलं, तर याच राखीव पैशातून त्या मुलाचं वर्ष पूर्ण होतं.

प्राथमिकची सातवी, माध्यमिकची चौथी आणि सहावी ही परीक्षेची वर्षं. तेव्हा बोर्डाची नोंदणी, सराव परीक्षा, जादा तास वाढतात आणि पुष्कळ शाळा सातवीच्या मुलांना वसतिगृहातच ठेवून घेतात. या वर्षांचा खर्च आधीच वेगळा काढून ठेवायला हवा. नाहीतर सहा वर्षं शिकलेलं मूल नेमकं परीक्षेच्या तोंडावर अडतं.

(दृश्य: लाल मुरमाचा रस्ता, पावसाने झालेला चिखल. चाक घसरणारी व्हॅन.)

जायचं कधी? मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने. डांबरी रस्ता सोडला की मुरमाच्या वाटा साबणासारख्या होतात आणि अर्ध्या तासाच्या घरभेटीला दुपार जाते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सातवीची परीक्षा असते, तेव्हा शाळेत पाहुणे नकोत. डिसेंबर-जानेवारीत शाळाच बंद. सगळ्यात सोयीचा उरतो जून-जुलै. त्यातही जूनचे पहिले दिवस टाळावेत. ३ जूनला कंपालाजवळच्या नामुगोंगोला, श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या युगांडाच्या ख्रिस्ती हुतात्म्यांचा सण असतो. लाखो भाविक येतात, पुष्कळसे पायी, आणि कंपालाभोवतीची वाहतूक कोलमडते.

यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र विमानतळावर दाखवावं लागतं आणि ते लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी ग्राह्य होतं. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. मलेरिया देशभर आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही ठरलेले दिवस पुऱ्या घ्यायच्या. घरी आल्यावर कधीही ताप आला, तर युगांडाला जाऊन आल्याचं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं. सरोवरात पोहू नये, त्या पाण्यात बिलहार्झिया या परजीवी रोगाचे जंतू असतात. डॉलर न्यायचे तर नव्या छपाईच्या कोऱ्या नोटा न्याव्यात. जुन्या, डागाळलेल्या नोटा परत केल्या जातात आणि लहान नोटांना दर कमी मिळतो.

(दृश्य: शाळेचं कार्यालय. टेबलावर पाहुण्यांची वही. भिंतीवर वेळापत्रक.)

शाळेत गेल्यावर आधी मुख्याध्यापकांची भेट. पाहुण्यांच्या वहीत नाव आणि अभिप्राय लिहिल्याशिवाय वर्गाकडे वळायचं नाही. मग हिशेब पाहणाऱ्यांकडे. सोबत नेलेल्या तक्त्यात सहा रकाने पुरतात: नाव, वर्ग, सत्राची फी, भरलेली रक्कम, बाकी, पावती क्रमांक. पावतीच्या स्थळप्रतीशी क्रमांक जुळवायचा. नुसती रक्कम जुळली म्हणून पुढे जायचं नाही. एक चूक वारंवार दिसते. मागच्या सत्राची बाकी राहिलेली असते आणि या सत्राचे पैसे आधी तिच्यात वळते होतात. शैक्षणिक पालकांच्या मते फी भरलेली असते, शाळेच्या खात्यात अजून बाकी दिसते, आणि मधल्यामध्ये मूल घरी पाठवलं जातं. दोन्ही सत्रांच्या पावत्या शेजारी ठेवल्या की हे लगेच उलगडतं.

नावांकडे विशेष लक्ष द्यायला हवं. बुगांडातल्या गांडा लोकांत परंपरेने आडनाव चालत नाही. सख्ख्या भावंडांची नावं वेगवेगळी असतात. उलट, जुळ्यांतल्या धाकट्या मुलीचं नाव नाकातो आणि थोरलीचं बाबिर्ये हे ठरलेलंच, त्यामुळे एकाच शाळेत चार नाकातो सहज सापडतात. त्यात बाप्तिस्म्याचं नाव कधी पुढे लिहितात, कधी मागे. शाळेच्या हजेरीत एक क्रम, चर्चच्या नोंदीत दुसरा, शैक्षणिक पालकांच्या फाइलमध्ये तिसरा. पावती भलत्याच नाकातोच्या नावावर फाटते ती अशीच. फोटो, जन्मतारीख आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव, तिन्ही एकत्र जुळल्याशिवाय खूण करू नये.

वय आणि वर्ग यांचा मेळ बसला नाही तरी दचकू नये. कोविडमध्ये युगांडातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि पूर्णपणे उघडल्या त्या १० जानेवारी २०२२ ला. शाळा इतका काळ बंद राहिलेला दुसरा देश नाही. तेव्हा मागे पडलेली मुलं आजही वरच्या वयात खालच्या वर्गांत बसतात, आणि त्यांनी शाळा सोडण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. शैक्षणिक पालक मिळवून द्यायच्या यादीत त्यांना पुढे घ्यायला हवं.

(दृश्य: कागदावर उभं असलेलं मूल. पावलाभोवती पेन्सिलीची रेघ.)

गणवेश आणि बूट परदेशातून आणू नयेत. गणवेशाचा रंग शाळेगणिक वेगळा असतो, आणि मसाकाच्या शिंप्याला काम मिळालं तर पैसा तिथंच फिरतो. शिंप्याकडे मापं दोन आठवडे आधी पोहोचली पाहिजेत, ती कार्यकर्त्याकडून मागवून घ्यावीत. बुटाचं माप मात्र गटाला घेता येतं. मुलाला कागदावर उभं करायचं, कारण बसलेल्या पायाचं माप कमी भरतं. पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पावलांभोवती रेघ ओढायची. लांब भरेल ते पाऊल धरायचं आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडायची. कागदावर नाव आणि वर्ग लगेच लिहायचा. दहा पावलं झाली की कुठलं कोणाचं ते आठवत नाही. हे कागद घेऊन बाजारात जायचं.

वर्गात गोळ्या-चॉकलेटं उधळू नयेत. मोठ्या वर्गात प्रायोजित, म्हणजे शैक्षणिक पालक असलेली, मुलं मोजकीच असतात आणि बाकीची बघत राहतात. चेंडू, वाचनाची पुस्तकं, नकाशे शाळेच्या नावाने द्यावेत. बायबलची गोष्ट सांगायची तर एका तासात अर्धा वेळ दुभाष्याचा धरावा. खेड्यांतल्या शाळांत पहिली ते तिसरी स्थानिक भाषेतून शिकवतात, छोट्यांना इंग्रजी कळत नाही. वाक्यं लहान हवीत.

(दृश्य: कॉफीच्या झाडांमधून जाणारी पायवाट. विटांचं घर. दारात चपला.)

घरभेटी दिवसाला तीन-चारच. घरी तिघांनी जावं, त्यात एक स्थानिक कार्यकर्ता. आठ जण शिरले की आजी गप्प होते. चपला बाहेर काढायच्या, दिलेल्या चटईवर बसायचं. मूल गुडघे टेकून नमस्कार करतं, तेव्हा त्याला हात धरून उठवू नये. तो त्यांच्या घरचा शिष्टाचार आहे. साखरेचा पुडा, साबणाची वडी, मीठ एवढं नेलं तरी पुरे. विचारायचं ते रोजच्या दिवसाविषयी: मूल घरून किती वाजता निघतं, अभ्यासाला उजेड आहे का, मच्छरदाणी शाबूत आहे का. आईवडील कशाने गेले, हे विचारायचं नाही. मुलाच्या आजाराचा विषय तर काढायचाच नाही. आजी निघताना फणस देईल, कदाचित जिवंत कोंबडीही. नको म्हणू नये, तो तिचा मान आहे. कोंबडी कार्यकर्त्याकडे सोपवावी.

रविवारची उपासना दोन-तीन तास चालते. पाहुण्यांना पुढे बोलावलं की नाव सांगावं, मंडळीचा सलाम कळवावा आणि प्रार्थनेची विनंती करावी. तिथून नव्या मदतीची घोषणा करू नये. सोमवारी सकाळी पाळकांच्या दारात मुलांच्या घरच्यांची रांग लागते आणि द्यायला त्यांच्या हातात काहीच नसतं.

मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत सवलत नाही. कोणताही पाहुणा मुलासोबत एकटा थांबणार नाही. फोन नंबर, फेसबुक, रोख पैसे यांतलं काहीही मुलाला थेट देणार नाही. फोटोसोबत गाव आणि शाळा टाकायची नाही. शाळेत छडी दिसली तर जागच्या जागी वाद न घालता त्याच दिवशी कार्यकर्त्याला कळवावं. २०१६ च्या कायदादुरुस्तीने तिथं शाळेतली मारहाण बेकायदा ठरली आहे आणि हा विषय कसा मांडायचा हे त्याला माहीत असतं.

या सगळ्याचा उपयोग होतो का? ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी युगांडासह सहा देशांतल्या एका मोठ्या ख्रिस्ती प्रायोजकत्व योजनेचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रायोजित मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचं त्यात दिसलं. माध्यमिक पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं.

(दृश्य: टेबलावर तक्ता, पावत्यांच्या प्रती, मुलांची पत्रं.)

परतल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक शैक्षणिक पालकाला त्याच्या मुलाचं पत्र आणि प्रगतिपुस्तकाची प्रत. कार्यकर्त्याला भरलेला तक्ता, त्यात अडलेली नावं वेगळ्या रंगात. आणि खजिनदाराला सप्टेंबरच्या सत्राच्या रकमेचा आकडा, परिपत्रकातल्या वस्तूंच्या यादीसह. ती रक्कम ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मसाकाच्या बँकेत पोहोचली पाहिजे.