आधी प्रश्न थांबवा

बसा बसा, मागचे पण बसा. माईक जरा लांबच धरते, कारण मघाशी जी शिट्टी वाजली ती या खोलीतल्या दोघा-चौघांच्या कानात अजून वाजत असणार. आणि ती कोपऱ्यातली फडफडणारी ट्यूब कोणी बंद करेल का? थँक्यू. आता मला कागद दिसत नाहीये, पण चालेल, तसाही मी तो वाचणार नव्हते.

विषय फळ्यावर लिहिलाय, "शाळेत शटडाऊन झाला तर काय करायचं". शटडाऊन म्हणजे ताण झेपेनासा झाला की ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मूल आतल्या आत मिटून जातं, बऱ्याचदा बोलताच येत नाही. ते शेवटी सांगणारच आहे. पण आधी एक तक्रार, जी मी तीन वर्षं पोटात ठेवलीय, तेव्हा जरा सोसा.

माझा लेक आता १७ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, ही गोष्ट तो १४ चा असतानाची. सांगायची परवानगी त्याने दिलीय, नाव सांगायची नाही. आणि मधला एक भाग त्याने मला वगळायला लावलाय, त्यामुळे गोष्ट कुठे उडी मारतेय असं वाटलं तर ती उडी त्याची आहे.

त्या दिवशी एक शिक्षक आले नव्हते म्हणून दोन वर्ग एकत्र बसवले. जागा बदलली, शेजारी बदलला, बाहेर मैदानावर शिट्ट्या, आणि वर "चला, पाच-पाच जणांचे गट करा". याने बेंचवर डोकं ठेवलं आणि तो थांबला. रडला नाही, ओरडला नाही, नुसता थांबला. बाई आल्या, चांगल्या बाई होत्या हां, त्यांनी प्रेमानेच विचारलं, काय झालं रे? मग, डोकं दुखतंय का? कोणी काही बोललं का? घरी फोन करू का? मग दुसरे सर आले, ऐकू येतंय का तुला? मग मुख्याध्यापिका, मी तुझ्याशी बोलतेय ना, माझ्याकडे बघून उत्तर दे. मग मला फोन. मी धावतपळत पोचले आणि मी काय केलं असेल? मी पण तेच केलं. काय झालं राजा, सांग ना, भूक लागलीय का, कोणी मारलं का, घरी जायचंय का, आईला पण नाही सांगणार का? गाडीत बसेपर्यंत चालू. वहीत शेरा आला, "वर्गात उद्धटपणे वागतो, विचारल्यास उत्तर देत नाही."

दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला मोबाईलवर एक यादी पाठवली. सगळे प्रश्न, क्रमाने, कोणी विचारला त्यासकट. एकूण ४१. खाली एक ओळ, "यातले १९ तुझे." (हसा, हसा, मला पण आता हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं.) आणि त्याखाली अजून एक, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अर्ध्यापर्यंत आणलं होतं."

ही अर्ध्यापर्यंत आणलेली उत्तरं, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आज.

बघा, "काय झालं" हा आपल्याला प्रश्न वाटतच नाही, ती काळजी वाटते. पण ज्याला विचारलाय त्याला काय काय करावं लागतं? शब्द ऐकायचे, त्या गोंगाटातून वेगळे काढायचे, अर्थ लावायचा, मग स्वतःच्या आत डोकावून बघायचं की नक्की काय होतंय, त्याला शब्द शोधायचे, आणि मग तोंड हलवायचं. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना आपल्या भावना ओळखून त्यांना नाव देणंच अवघड जातं, ॲलेक्सिथायमिया म्हणतात त्याला. म्हणजे उत्तर माहीत असून लपवलंय असं नाही, उत्तर त्याच्याकडेच अजून पोचलेलं नाही. आणि शटडाऊनमध्ये तर बोलण्याची वाटच बंद झालेली असते. मेल्टडाऊनमध्ये ताण बाहेर फुटतो, तो सगळ्यांना दिसतो, लगेच पळापळ होते. शटडाऊनमध्ये तोच ताण आत मिटतो. दोन्ही ठरवून केलेलं नसतं. फ्यूज उडालेल्या घरात आपण एकामागून एक बटणं दाबत सुटतो, हे लागतं का, ते लागतं का. आधी लोड कमी करा की!

आणि आपल्या भाषेची पण कमाल आहे. गप्प बसणाऱ्यासाठी आपल्याकडे किती शिव्या आहेत बघा, घुम्या, मख्ख, ठोंब्या, आतल्या गाठीचा, मिठाची गुळणी धरलीय का, मूग गिळून बसलाय. तेच मूल चार वर्षांचं असताना गप्प बसायचं तेव्हा "किती शहाणं आहे हो तुमचं बाळ". मूल तेच, गप्प बसणं तेच. वय वाढलं की शहाणपणाचा उद्धटपणा कधी होतो ते मला कोणीतरी सांगा. मी घुम्या या एका शब्दावर अर्धा तास बोलू शकते, पण हे बघा चिठ्ठी आलीच. सात मिनिटं. बरं.

तर शाळेत काय करायचं, भरभर सांगते, लिहून घ्या.

चांगल्या दिवशी, मुलाबरोबर बसून, एक पान तयार करा. एकच, वीस पानी फाईल कोणी वाचत नाही. त्यात शटडाऊनच्या आधी दिसणाऱ्या खुणा लिहा. माझ्या लेकाच्या खुणा म्हणजे उत्तरं एका शब्दावर येतात, बाह्या बोटांपर्यंत ओढल्या जातात, आणि समासात चित्रं काढणं थांबतं. तुमच्या मुलाच्या वेगळ्या असतील. खूण दिसली की तेव्हाच बाहेर जायची मुभा हवी, न विचारता, बेंचवर कार्ड ठेवलं की झालं. कुठे जायचं ती जागा आधीच ठरलेली हवी, शांत, कमी उजेडाची, आणि शिक्षा म्हणून कोणाला तिथे कधीच बसवायचं नाही, नाहीतर तो जाणारच नाही.

शटडाऊन झालाच तर एकच मोठं माणूस जवळ, बाकीच्यांनी हळूच निघायचं, वर्गाला घोषणा करून नाही. हात लावायचा नाही, उठवायचं ओढायचं नाही. एकच वाक्य, "मी इथे आहे, तुला बोलायची गरज नाही." वाक्य हां, प्रश्न नाही. पाणी हवंय का विचारू नका, पाणी ठेवा. टाईप करायचा पर्याय जवळ असू दे, पण तोंडासमोर नाचवू नका. वीस मिनिटं लागतील, कधी अख्खा दिवस जाईल.

नंतर त्याच दिवशी मीटिंग नको, खुलासा नको, बुडालेला अभ्यास मधल्या सुट्टीत भरून घेणं तर अजिबात नको, ती सुट्टीच त्याचा श्वास असते. शेरा नको. काय घडलं ते दोन-चार दिवसांनी, लिहून, त्याला जमेल तसं. आणि कारण फक्त त्या तासात शोधू नका, सोमवारपासून साठलेलं गुरुवारी बाहेर येतं, कधी शाळेत सगळं नीट आणि घराच्या दारात शिरल्यावर कोसळतं. वारंवार होत असेल तर मुलाला बदलायच्या आधी वेळापत्रक बघा, आणि कोणी त्रास देतंय का ते बघा.

दोन धोक्याच्या गोष्टी. पहिल्यांदा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं आणि काही सेकंद शून्यात बघणं, मधलं काहीच न आठवणं हे शटडाऊन नसून फिट असू शकतं. आणि मूल दिवसचे दिवस अडकल्यासारखं राहिलं, हालचाल करताना मध्येच थिजलं, जेवण सुटलं, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञ. याला कॅटाटोनिया म्हणतात, लॉर्ना विंग आणि अमिता शाह या ऑटिझमच्या अभ्यासकांनी २००० मध्ये यावर लिहिलं, आणि तो बऱ्याचदा याच किशोरवयात सुरू होतो. आणि हो, लागलंय, श्वास नीट नाहीये अशी शंका असेल तर विचारा बाबा खुशाल, मी एवढी पण हट्टी नाहीये.

दुसरी चिठ्ठी आली. आमच्या त्या पानाचा नमुना मागच्या टेबलावर आहे, नाव खोडून, लेकाने स्वतः तपासलाय, दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलंय. आता तुमचे प्रश्न घेते. घेते म्हणजे घेते, पण एका वेळी एकच.