वर्गाच्या ग्रुपवर 26 जुलै

नमस्कार श्रोतेहो. शाळेत जाणारं मूल ज्या घरात आहे, त्या घरातल्या फोनवर वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे ग्रुप निघाले आणि शाळा उघडल्या तरी राहिले. पण त्यांवर चालतं काय? गृहपाठाचा फोटो, फीची आठवण, सकाळी फुलांवर लिहिलेले सुविचार. माझं म्हणणं असं, की तिथे शिकवता येतं. फक्त प्रश्न असा टाकायचा, की उत्तर घरातल्या माणसांना विचारावं लागेल. पुन्हा सांगते, घरातल्या माणसांना विचारावं लागेल असा प्रश्न.

मी कुर्ल्याला नववीला भूगोल शिकवते. मिठी नदी शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गेल्या पावसाळ्यात मी ग्रुपवर लिहिलं, "26 जुलै 2005 ला तुमच्या घरी पाणी कुठपर्यंत आलं होतं? घरच्यांना विचारा." माझी सगळी मुलं त्या पुरानंतर जन्मलेली.

पहिला दिवस शांत गेला. मग व्हॉइस मेसेज सुरू झाले. कुणाची आई सांगत होती, माळ्यावर बसून रात्र काढली. कुणाचे वडील दादरहून रुळांवरून चालत घरी आले होते. एका पालकांनी फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "26 जुलै, साकीनाका." पाण्यात बुडालेल्या रिक्षा, बघवत नव्हतं. थोड्या वेळाने एका मुलाचा मेसेज आला, "काका, मागे मेट्रोचा पूल दिसतोय. मेट्रो तर 2014 ला सुरू झाली." त्या काकांनी लगेच लिहिलं, "बरोबर आहे बाळा," आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही कळवलं. फॉरवर्ड तपासून घ्या, असं मी वर्गात अनेकदा सांगितलं होतं. त्या दिवशी मी काही बोललेच नाही. मुलांनीच फोटो मोठा करून बघितला.

खरा वाद मात्र पुढेच झाला. एका मुलीची आजी कुलाब्याला राहते. तिने मालवणीत सांगितलं, आमच्याकडे एवढा पाऊस नव्हताच. मुलं तुटून पडली, आजी विसरली! नात ऐकेना. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हवामान खात्याचे आकडे ठेवले. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचौऱ्याण्णव सेंटीमीटर. कुलाब्याला जेमतेम सात सेंटीमीटर! आजी खरं बोलत होती. एकाच शहरात एवढा फरक का, भरती असली की मिठीचं पाणी माहीमच्या खाडीत उतरत का नाही, हे मग मुलांनीच विचारलं. तो तास संपू नये असं मला वाटत होतं. शेवटी सगळ्यांच्या घरचं पाणी आम्ही नकाशावर मांडलं, गुडघ्यापर्यंत पिवळा रंग, छातीपर्यंत लाल.

नकाशावरून बोलते. प्रत्येक वर्गात मुंबईचा मोठा कागदी नकाशा हवाच, स्मार्ट बोर्डाच्याही आधी. मुलांना नाईल माहीत असते, पण मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या आपल्या चार नद्या विचारल्या की वर्ग गप्प होतो. मला याचा फार त्रास होतो.

आता काळजीचं थोडं. व्हॉट्सॲपला 13 वर्षांची अट आहे. मी तर नववीतही पालकांचाच नंबर घेते, कारण ग्रुपमधला नंबर सगळ्यांना दिसतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. तेव्हा मुलांचे फोटो टाकण्याआधी विचारा. नंबर पालकांचा, फोटो विचारून.

शिक्षकांनो, भूगोलच हवा असं नाही. पाचवीला विचारा, घरी पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ राहतं? मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं, त्यातले तुळशी आणि विहार एवढेच शहराच्या हद्दीत, हा धडा तिथून सुरू होईल. मोठ्या वर्गांना विचारा, 1982 चा गिरणी संप घरात कुणाला आठवतो? प्रश्न घरातल्या माणसांचा, हे विसरू नका. आणि उत्तराला दोन दिवस तरी द्या, कारण पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. नमस्कार.