शिजलेलं, पण कुणीच न प्यायलेलं सूप

नमस्कार श्रोतेहो.

हिमगौरीची गोष्ट मी सांगत बसणार नाही. बोलणारा आरसा, सावत्र आई, सात बुटके, विषारी सफरचंद, हे सगळं तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. आज बोलायचं आहे ते वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओनं या गोष्टीवर काढलेल्या चित्रपटाबद्दल, 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'बद्दल. 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात तो पहिल्यांदा दाखवला गेला, आणि आजही तो लावला की लहान मुलं जागची हलत नाहीत.

तोवर अमेरिकेत कार्टून म्हणजे मुख्य चित्रपटाआधी दाखवायची सात-आठ मिनिटांची गंमत. डिस्नेंनी 83 मिनिटांचा घाट घातला. सुरुवातीचा अंदाज होता अडीच लाख डॉलरचा, प्रत्यक्षात खर्च पंधरा लाखांच्या घरात गेला. हॉलिवूडमध्ये लोक या उद्योगाला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणू लागले होते. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हा जगातला पहिला अ‍ॅनिमेशनपट, असं सर्रास छापलं जातं. ते बरोबर नाही. जर्मनीत लोट्टे रायनिगर या बाईंनी काळ्या कागदाच्या बाहुल्या कात्रीनं कापून, त्यांच्या सावल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट 1926 मध्येच केला होता. त्यांचं नाव गाळून पहिलेपणाचा मान दुसऱ्याला देणं मला पटत नाही.

असो. हा चित्रपट इतकी वर्षं का टिकला? गाणी गोड आहेत, रंग सुंदर आहेत, सगळं खरं. पण माझं उत्तर वेगळं आहे. हिमगौरीच्या जिवाला धोका आहे, हे हा चित्रपट तुम्हाला फार वेळ विसरू देत नाही. पुन्हा सांगतो, धोका विसरू देत नाही. आणि त्यासाठी काय काय फेकून द्यावं लागलं, ते एका सूपच्या गोष्टीवरून कळतं.

चित्रपटातली जागा आठवा. हिमगौरी बुटक्यांच्या घरी सूप शिजवते. वास येतो, बुटके टेबलाकडे धावतात. ती म्हणते, थांबा, जेवण अजून व्हायचंय, तेवढ्यात हात धुऊन या. मग बाहेर हौदापाशी तो हात-तोंड धुण्याचा मोठा प्रसंग. ग्रंपी धुवायला तयार नाही, म्हणून बाकीचे त्याला धरून घासून काढतात. इतक्यात घरातून जेवणाची हाक येते, ग्रंपीला हौदात टाकून सगळे पळतात. आणि मग? मग आपण एकदम राणीच्या महालात. आरसा तिला सांगतो की हिमगौरी जिवंत आहे आणि तुझ्या पेटीत आहे ते डुकराचं काळीज. राणी तळघरात उतरते, औषध बनवते, ते पिते आणि म्हातारी होते. पुन्हा बुटक्यांच्या घरी येतो तेव्हा तिथे गाणं-बजावणं चालू आहे. जेवण केव्हाच आटोपलेलं.

म्हणजे श्रोतेहो, सूप शिजलं, वास आला, हात धुतले, हाक आली; पण सूप पिताना आपण कुणालाच पाहिलेलं नाही.

तसा प्रसंग बनवलेला होता. वॉर्ड किंबॉल नावाचा तेव्हा विशीतला अ‍ॅनिमेटर त्याच्यावर कित्येक महिने राबत होता. बुटके भुर्र-भुर्र आवाज करत सूप ओढताहेत, हिमगौरी त्यांना चमचा नीट धरायला शिकवते आहे, डोपी चमचाच गिळतो आणि तो बाहेर काढायला सगळ्यांची झटापट. त्या भुरक्यांवर गाणंही बांधलेलं होतं.

ही मेहनत किती, याची कल्पना यावी म्हणून कामाची पद्धत सांगतो. आधी अ‍ॅनिमेटर हालचालीतली मुख्य चित्रं पेन्सिलीनं काढतो. दोन मुख्य चित्रांमधली चित्रं मदतनीस भरतात. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. दर चित्र दोनदा टिपलं तरी एका पात्राच्या एका सेकंदाला 12 चित्रं लागतात. आता टेबलाभोवती सात बुटके बसवा. सातही जणांची सूप ओढण्याची तऱ्हा वेगळी हवी, नाहीतर कोण कोण आहे तेच कळणार नाही. एकजण चमचा उचलत असताना शेजारचा दगडासारखा बसून राहिला तर दृश्य मेलं. सगळे एकदम हलले तर बघणाऱ्यानं बघायचं कुणाकडे? हे जमवायलाच महिने जातात. मग ही पेन्सिलचित्रं फिल्मवर टिपून पाहतात, त्याला पेन्सिल टेस्ट म्हणतात. ती पसंत पडली तरच चित्रं सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक तावावर, शाईनं उतरवायची, मागून रंग भरायचा आणि शेवटी कॅमेऱ्याखाली ठेवायची. सूपचा प्रसंग पेन्सिल टेस्टपर्यंत पोचला होता आणि तो हसवतही होता.

तरी डिस्नेंनी तो काढून टाकला. कारण साधं आहे. हात धुण्याचा विनोद आधीच झाला होता, पुढे नाच-गाण्याचा प्रसंग येणार होता. मध्ये सूपही आलं असतं तर बुटक्यांच्या गमतीचे तीन लांब प्रसंग लागोपाठ झाले असते आणि तेवढा वेळ राणी पडद्यावरून गायब. राणी गायब म्हणजे भीती गेली. हिमगौरीसाठी पलंग बनवण्याचा बुटक्यांचा आणखी एक प्रसंगही असाच गेला. विनोद कच्चा म्हणून नव्हे, गोष्ट थांबते म्हणून.

किंबॉलचं मन मोडलं. राजीनामा द्यायचाच असं ठरवून तो डिस्नेंच्या खोलीत गेला, आणि बाहेर आला तो पुढच्या चित्रपटातलं मोठं पात्र हातात घेऊन. 'पिनोकियो'मधला तो जिमिनी क्रिकेट नावाचा किडा, ते किंबॉलचं काम. सूपचा प्रसंग मात्र 1956 मध्ये डिस्नेंनी आपल्या टीव्ही कार्यक्रमात दाखवला, रंग न भरलेला, नुसत्या पेन्सिलरेषांतला. आजही तो पाहायला मिळतो. आधी तो बघा, मग मूळ चित्रपटातली ती जागा बघा. हौदावरून थेट आरशापाशी जाणारी ती उडी किती नेमकी आहे, ते तेव्हा उमगतं.

हीच कात्री ग्रिम बंधूंच्या मूळ कथेलाही लागली. 1812 मध्ये छापलेल्या त्या कथेत राणी बुटक्यांच्या घरी तीनदा येते. एकदा काचोळीची नाडी आवळून जीव घ्यायला बघते, एकदा विषारी फणी लावते आणि तिसऱ्यांदा सफरचंद. चित्रपटानं एकच फेरी ठेवली, सफरचंदाची. तीनदा फसणारी मुलगी प्रेक्षकाला वेडी वाटली असती.

आणि जिथे थांबायला हवं तिथे हा चित्रपट खरंच थांबतो. हिमगौरी निपचित पडली आहे, भोवती बुटके रडताहेत. हा प्रसंग फ्रँक थॉमस यांनी केला. त्यात हालचाल जवळजवळ नाहीच. मान थोडी खाली जाते, अश्रू ओघळतो, बस्स. चित्रात हे फार अवघड असतं. पात्र पूर्ण थांबवलं तर लगेच कागद दिसायला लागतो, आणि जास्त हलवलं तर दुःख खोटं वाटतं. म्हणून अगदी केसभर फरकाची चित्रं एकामागून एक काढावी लागतात. हल्लीच्या मुलांच्या चित्रपटांत सगळी पात्रं सतत बोलत असतात, एक क्षण शांतता नाही. इथे डोपी अख्ख्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही आणि मुलांना सगळ्यात जास्त तोच आवडतो! लेखक-दिग्दर्शकांनी एवढं तरी याच्याकडून घ्यावं.

या चित्रपटासाठी वापरलेल्या मल्टिप्लेन कॅमेऱ्याबद्दलही थोडक्यात सांगतो. एकाच सपाट चित्राकडे कॅमेरा नेला तर घराबरोबर आकाशातला चंद्रही मोठा होत जातो, आणि चंद्र असा जवळ येत नसतो. म्हणून झाडं, घर, आकाश वेगवेगळ्या काचांवर रंगवून एकाखाली एक अंतरानं ठेवायची, कॅमेरा वरून, आणि प्रत्येक काच आपापल्या वेगानं सरकवायची. चंद्राची काच जागची हलवायची नाही. झालं, चित्राला खोली आली.

शाई आणि रंगाचं सगळं काम स्टुडिओतल्या तरुण मुलींनी केलं. रेष जरा थरथरली की सेल बाद. हिमगौरीच्या गालांवरची लाली बघा, तो मऊ रंग त्यांच्या हातचा आहे. या मुलींची नावं पडद्यावर आली नाहीत, याची मला फार खंत वाटते. 1939 च्या ऑस्कर सोहळ्यात डिस्नेंना या चित्रपटासाठी ऑस्करची एक मोठी बाहुली आणि तशाच सात छोट्या बाहुल्या दिल्या, बालतारका शर्ली टेंपलच्या हस्ते. तेव्हा तरी या मुलींचा उल्लेख व्हायला हवा होता.

आता घरी बघणाऱ्यांसाठी. चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर बघत असाल तर दोन जागा लक्षात ठेवा: सुरुवातीची जंगलातली पळापळ, आणि राणीची म्हातारी होते तो प्रसंग. या दोन्ही वेळी मुलं घाबरतात, तेव्हा शेजारी बसा, पण दृश्य पुढे ढकलू नका. जंगलातले ते चमकणारे डोळे शेवटी ससे-हरणांचे निघतात, आणि तिथपर्यंत पोचल्याशिवाय मुलांची भीती जात नाही. जेवताना मोबाइलवर तुकड्या-तुकड्यानं तर मुळीच लावू नका. 83 मिनिटं, एका बैठकीत, मोठ्या पडद्यावर. नमस्कार.