ट्रेलर नाय, चालवतच यायचं

आता आमच्या जुन्या गाड्यांच्या टूरला आलेल्या ह्या ज्या गाड्या ना, फियाट, हेराल्ड, दोन अँबेसिडर, एक अगदी सुरवातीची मारुती 800 आणि मागं ती लाल जीप, ह्यातली एकपण ट्रेलरवरून आलेली नाय. तोच तर नियम. बेळगावातनं निघून दोन दिवसांची टूर, पहिल्या दिवशी घाट, दुसऱ्या दिवशी कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर लॅप, आणि मधलं सगळं अंतर त्याच गाडीनं, त्याच टायरवर, त्याच दोघांनी. आणि रात्री घरी पण तिच्यातूनच.

कल्पना आमची नाय बरं का, फ्रान्समधनं उचललीय. तिकडं 1899 साली ल मातँ नावाच्या पेपरनं गाड्यांची टूर द फ्रान्स काढली, सायकलींची टूर सुरू व्हायच्या चार वर्षं आधी, आणि ती पानार गाडी घेऊन रने द क्निफ जिंकला. मग बऱ्याच खंडानंतर 1951 पासून नीसच्या ऑटोमोबाइल क्लबानं ती परत उभी केली, आणि खरी मजा तिथनं सुरू होते. पाच हजार किलोमीटरच्या वर अंतर, रस्ता आहे, घाटातली चढण आहे, आणि वाटेत जो ट्रॅक लागेल त्याच्यावर रेस, ल मां म्हणू नका रँस म्हणू नका. रेस संपली की नंबर धुवायला पण वेळ नाय, तीच गाडी घेऊन पुढच्या गावाला. 1956 ते 1964 सलग फेरारी जिंकली, त्यातल्या सुरवातीच्या 250 जीटीला लोक आजपण ‘टूर द फ्रान्स’च म्हणतात. सलून, म्हणजे घरगुती गाड्यांचा वर्ग वेगळा होता, त्यात बर्नार कोंस्तेन नावाच्या माणसानं जॅग्वार मार्क 2 घेऊन 1960 पासून चार वर्षं कुणाला पुढं जाऊ दिलं नाय. मला विचाराल तर फेरारीपेक्षा ही जॅग्वार भारी, चार दार, मागं सीट, डिकीत सामान.

1980 च्या दशकात ती बंद पडली आणि 1992 ला पात्रिक पेतेर यांनी जुन्या गाड्यांसाठी टूर ऑटो म्हणून परत आणली. आता त्यात दोन गट असतात, एक खरोखर रेस करणारा आणि एक रेग्युलॅरिटीवाला, म्हणजे ठरवून दिलेला सरासरी वेग सेकंदावर सांभाळायचा. आमचं जे चाललंय ते दुसऱ्या गटातलं, आणि बजेट विचारूच नका.

ही फियाट मामांची. 1100 डी, 1089 सीसी, जिची पुढं पद्मिनी झाली तीच. गिअर स्टिअरिंगला, ब्रेक चारी चाकांना ड्रम. मामांचं गॅरेज उद्यमबागेच्या अंगाला आहे, आणि जुनी गाडी सांभाळायला बेळगावसारखं गाव नाय असं ते जे म्हणतात ते काय उगीच नाय, कारण इथं फाउंड्री आहे, लेथ आहे, ओतकामाचा पॅटर्न करणारा माणूस आहे, दुकानात जे मिळत नाय ते ओतून घ्यायचं. वॉटर पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चक्र, तसाच केलाय. फक्त रबराचं काय करायचं हा प्रश्न. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, आणि जुन्या गाडीचे होज आणि फ्युएल पंपाचा डायाफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, त्यानं मऊ पडतो, फुगतो. म्हणजे बघा, चिकोडी-संकेश्वरकडचा आपलाच ऊस, आपल्याच कारखान्याला घातलेला, आणि तो फिरून येऊन आपल्याच फियाटचा पंप खातोय. मामांनी सगळे होज इथेनॉल चालेल असे बदलून टाकले आणि एक डायाफ्राम जादा डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठेवला.

माझं काम शेजारी बसून रोडबुक वाचायचं. रोडबुकात नकाशा नसतो, प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं, ठिपक्याकडनं यायचं आणि बाणाकडं जायचं, त्याला ट्युलिप म्हणतात, हॉलंडच्या ट्युलिप रॅलीवरनं. मोबाइल, जीपीएस बंद. मग अंतर कसं मोजायचं, तर मामांनी सायकलला लावतात तो डिजिटल मीटर घेतला, लोहचुंबक पुढच्या चाकाच्या आत चिकटवलं आणि सेन्सर झिप टायनं बांधला. पिरनवाडी सोडल्यावर पहिले 10 किलोमीटर मीटर जुळवायला दिलेले असतात. आमचा मीटर तिथं 10.3 दाखवत होता. तीनशे मीटर, त्यात काय एवढं, असं वाटतं ना? 45 चा सरासरी वेग दिला की किलोमीटरला 80 सेकंद लागतात, म्हणजे तीनशे मीटरचे झाले 24 सेकंद, आणि इथं एकेका सेकंदाचा दंड आहे, लवकर पोचलात तर दुप्पट. वेळ टिपणारा मार्शल कुठं लपलाय ते सांगत नाहीत. जांबोटीच्या पुढं एक तर चक्क काजूच्या झाडाखाली डबा खात बसलेला.

कणकुंबीपर्यंत रस्ता सोपा, मग चोर्ला घाट उतरून गोव्यात. इथं ड्रम ब्रेकची परीक्षा. सारखा पाय ठेवला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतो आणि पेडल तिथंच असून गाडी थांबत नाय. मामा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावरच उतरले, ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाला, तोपण एकदाच. मागची मारुती हॉर्न वाजवूलाय तर वाजवू दे म्हणाले, त्याचं घड्याळ वेगळं आपलं वेगळं. आणि मी खिडकीतनं दरी बघतोय हे दिसल्यावर, “काय बघूलास? घड्याळ बघ!”

दोडामार्गला दुपारचं ऊन, आणि तिथनं तिलारी घाट चढायचा. अरुंद, उभा, आणि वळणं अशी की फियाटला पहिल्या गिअरशिवाय गत्यंतर नाय. अर्ध्यात गाडी फुरफुरली आणि बंद. व्हेपर लॉक. इंजिनाच्या उष्णतेनं लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा. ह्याला पाना लागत नाय. मामांनी बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा पिण्याच्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला आणि दगडावर जाऊन बसले. मी घड्याळाकडं बघतोय, हेराल्ड पुढं गेली, जीप गेली, त्यांनी हात केला, मामांनी पण हात केला. पंचा परत भिजवला. मग दोन सेल्फमध्ये चालू. चंदगड, शिनोळी करत बेळगावला आलो तेव्हा आम्ही शेवटून दुसरे होतो.

दुसऱ्या दिवशी हायवेनं संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, आणि ट्रॅक. तो मूळचा गो-कार्टचा ट्रॅक, त्याच्यावर अँबेसिडर म्हणजे लग्नाचा मांडव वळवल्यासारखं दिसतं. पण मजा ही की रस्त्यावर जो सांभाळून चालवतो त्याला इथं फायदा होतो का तोटा, ते कळतं. आधी एक लॅप आपल्या मनानं मारायचा, मग पुढचे पाच त्याच वेळेत. जोरात नाय, सारखे. पोरं सगळी पहिल्याच लॅपला जीव खाऊन पळाली आणि नंतर तो वेळ त्यांनाच गाठता येईना, टायर तापले, ब्रेक गेले. मामांनी लॅप असा निवडला की तिसरा गिअर सोडायचाच नाय, ब्रेकची जागा ट्रॅकच्या कडेच्या त्या पिवळ्या पिंपाशी, बास.

शेवटी पाठलाग, दोन-दोन गाड्या, लहान इंजिनाला आधी सोडायचं. तिकडं मूळ टूरमध्येपण हँडिकॅपचं गणित असायचं, म्हणून छोट्या गाड्यांना आशा असायची. आमच्या गणितावर मात्र भांडण झालं, कारण सीसीवर बघितलं तर 796 सीसीची मारुती सगळ्यात आधी सुटते, आणि ती तर वजनाला सगळ्यात हलकी! मग वय पण धरलं. अँबेसिडरवाले तरीपण नाराज, 1489 सीसी म्हणून त्यांना मागं. फियाट हेराल्डच्या मागं लागली, दोन लॅप अंतर कमी होत गेलं, शेवटच्या डाव्या वळणाला हेराल्डचं आतलं मागचं चाक उचललं आणि मामा आतनं निघाले. माझ्या हातातलं रोडबुक कुठं गेलं मला माहीत नाय.

एकूण निकालात तिसरे. पहिली जीप, कारण ती कुठंच थांबली नव्हती, आणि ते बरोबरच आहे.

सोमवारी ब्रेकचे ड्रम लेथवर गेले, आणि पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये मामा आता पत्र्याचा पडदा बसवताहेत. हेराल्डवाले येऊन गेले, कार्बोरेटरला कुठला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, लावलाय ते बघायला. मामांनी चहा पाजला, कुंदा दिला, बॉनेट काय उघडलं नाय.