रफ पान, स्मूद पान

(दृश्य: वर्गातून ऐकू येणारा मुलांचा एकसुरी आवाज)

बिग-स्मॉल, हॉट-कोल्ड, वेट-ड्राय. चालीत म्हटल्या की अशा जोड्या चटकन पाठ होतात. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं, त्यामुळे दुसरीतल्या पोरांना हे सगळं तोंडपाठ. पण त्यातल्याच एखाद्याच्या हातात ओला दगड ठेवा आणि विचारा, वेट की ड्राय? तो आधी फळ्याकडे बघतो.

सातारा जिल्ह्यातल्या या शाळेत बाईंनी आज फळ्याला सुट्टी दिली आहे.

(दृश्य: अगदी जवळून, पानावरून फिरणारं बोट)

एक सागाचं पान, एक केळीचं. डोळे मिटायचे आणि दोन्हींवरून बोट फिरवायचं. सागाचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, केळीच्या पानावरून बोट सरकन घसरतं. बाई शब्द देतात तो यानंतर: रफ, स्मूद. नुसता शब्द मात्र चालत नाही. ‘धिस इज अ रफ लीफ’ असं पुरतं म्हणायचं, मगच पान पुढच्याच्या हातात. कोवळं सागपान चुरगाळलं की बोटं लाल होतात. तेवढा उद्योग मुलं न सांगताच करतात.

मराठीत दगड ओला, माती ओली, पान ओलं. इंग्रजीत तिघांनाही वेट. इथे इंग्रजी आपल्या भाषेपेक्षा सोपी आहे, हे मुलांना कुणीतरी सांगायला हवं. स्पेलिंगच्या धाकात ते राहूनच जातं.

(दृश्य: शाळेमागचा ओढा, मुलं काठावर बसलेली)

भाद्रपद आहे, ओढ्याला पाणी आहे. पाण्यात फक्त बाई उतरतात. बांबूची काठी तळाला टेकवून बाहेर काढतात. खालचा भाग वेट, वरचा ड्राय, आणि जिथे ओल संपते तिथे लाल दोरा. मधोमध दोरा गुडघ्याच्या वर गेला: डीप. काठाशी जेमतेम घोट्यापर्यंत: शॅलो. ही काठी बाई जपून ठेवणार आहेत. चैत्रात याच जागी ती पुन्हा उभी करायची, म्हणजे आजचं डीप तेव्हा काय झालंय ते दोऱ्यावरच दिसेल.

काचेच्या बरणीत भरून आणलेलं पाणी आत्ता मडी आहे. गाळ खाली बसेल तसं वरचं पाणी क्लिअर होत जाईल. विरुद्ध शब्द म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, हा समज बरणीकडे बघत बसलं तरी सुटतो.

(दृश्य: सातारा जिल्ह्याचा नकाशा)

याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यातल्या दहिवडीला 500 च्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर रिते होतात, पूर्वेकडे जातं ते उरलंसुरलं. मग आपलं गाव वेट की ड्राय? बाईंचा उलटा प्रश्न: कुणाच्या मानाने?

(दृश्य: हिरवा आणि निळा डबा)

खरा गोंधळ उडतो तो कचऱ्यापाशी. हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा, हे पोरांना ठाऊक आहे. बाईंनी पुढे केली उन्हात कडकडीत वाळलेली मोसंबीची साल. हाताला ड्राय, पण कुजणारी, म्हणून जाणार हिरव्या डब्यात. आणि दुधाची पिशवी? आतून ओली, तरी निळ्यात.

“बाई, मग डबाच चुकलाय!” मागच्या रांगेतून एकजण ओरडतो.

बाई हसून पिशवी त्याच्याच हातात देतात. ती विसळायची आणि दोरीवर वाळत घालायची. दोरीपाशी पोचेपर्यंत त्याची वाटेत दोनदा तपासणी होते: वेट? वेट. आता? स्टिल वेट, बाई!